वाचक विचारतात: गाडीत कोणता इन्व्हर्टर लावावा?

या महिन्याच्या टपालात सर्वाधिक प्रश्न गाडीतल्या इन्व्हर्टरचे आहेत, म्हणजे गाडीच्या १२ किंवा २४ व्होल्टच्या बॅटरीवर २३० व्होल्टची वस्तू चालवणाऱ्या पेटीचे. पेटीवर छापलेले वॅट बघून ती घेतली जाते आणि मग सॉकेट, वायर नाहीतर बॅटरी अडते. म्हणून उत्तरांत वॅटपेक्षा अँपिअरबद्दल जास्त लिहिलं आहे. एक हिशेब सगळीकडे लागेल. १२ व्होल्टच्या गाडीत उपकरणाच्या वॅटला १० ने भागा, साधारण तेवढे अँपिअर बॅटरीतून जातात. २४ व्होल्टच्या गाडीत २० ने भागा. इन्व्हर्टर स्वतः जी वीज खातो ती यात धरलेली आहे.

प्रश्न: कामासाठी मला नाशिक, धुळे, जळगाव असं सतत फिरावं लागतं. गाडीत लॅपटॉप चार्ज करायचा आहे. चार्जरवर १.७ अँपिअर लिहिलंय. २३० ने गुणलं तर ३९१ वॅट येतात, म्हणून दुकानदार ५०० वॅटचा इन्व्हर्टर घ्या म्हणतो. बरोबर आहे का?

उत्तर: गुणाकार बरोबर, ओळ चुकीची वाचली. १.७ अँपिअर हा चार्जरच्या इनपुटचा कमाल आकडा आहे. १०० व्होल्टच्या देशात, सगळ्यात वाईट परिस्थितीत चार्जर किती ओढेल ते तो सांगतो. तुम्हाला हवी ती त्याखालची आउटपुटची ओळ. तिथे १९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर असं असेल तर गुणाकार ६५ वॅट. चार्जरचा तोटा धरून ७५ वॅट समजा. म्हणजे बॅटरीतून साडेसात अँपिअर. बहुतेक गाड्यांत लायटर सॉकेटला १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो, त्यामुळे १५० वॅटचा छोटा इन्व्हर्टर सॉकेटवर आरामात चालेल. ५०० वॅटचा घेतलात तरी सॉकेटमधून शंभर-दीडशे वॅटच्या वर काही मिळणार नाही.

पण त्याआधी लॅपटॉप यूएसबी-सी पोर्टमधून चार्ज होतो का ते बघा. होत असेल तर इन्व्हर्टर घेऊच नका. ६५ वॅटचा 'पीडी' (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे यूएसबी-सीमधून जास्त वॅट देणारा) कार चार्जर घ्या. त्यावर २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर छापलेलं हवं. केबल ५ अँपिअरची घ्या, कारण ३ अँपिअरच्या केबलवर चार्जर ६० वॅटच्या पुढे जात नाही. इन्व्हर्टर १२ चे २३० करतो आणि लॅपटॉपचा चार्जर त्या २३० चे पुन्हा २० करतो. या उलटसुलट फेऱ्यात वीज वाया जाते आणि पेटी तापते ती वेगळीच.

प्रश्न: 'मॉडिफाइड साइन' आणि 'प्युअर साइन' यांच्या किमतीत दुपटीहून जास्त फरक आहे. वापरात खरंच काही फरक पडतो का? – सांगली

उत्तर: काय लावणार त्यावर आहे. घरच्या विजेचा व्होल्टेज गोलाईने चढतो-उतरतो. मॉडिफाइड साइनमध्ये तो पायरीसारखा एकदम वर, मग शून्य, मग एकदम खाली जातो. मोबाइलचे, लॅपटॉपचे, कॅमेऱ्याच्या बॅटरीचे चार्जर आधी आतमध्ये एसीचं डीसी करतात, त्यांना हा आकार कसाही चालतो. जुन्या पद्धतीच्या तंतूच्या बल्बला आणि सोल्डरिंग आयर्नलाही चालतो.

मोटर आणि ट्रान्सफॉर्मर असलेल्या वस्तू मात्र तक्रार करतात. टेबल फॅन गुणगुणतो, वेग कमी पडतो आणि अर्ध्या तासात मोटरला हात लावून बघितला तर नेहमीपेक्षा गरम लागते. लेझर प्रिंटर, श्वासोच्छ्वासाची यंत्रं, कंप्रेसर यांना प्युअर साइनच द्या.

एका वस्तूबद्दल आवर्जून सांगायचं आहे, कारण ती घरोघरी असते: डास मारायची बॅट. तिच्यात आणि स्वस्त चार्जिंग टॉर्चमध्ये बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्ट एका कपॅसिटरमधून कमी करून आतली बॅटरी चार्ज केली जाते. कपॅसिटरमधून किती करंट जाईल हे व्होल्टेज किती झपाट्याने बदलतो त्यावर ठरतं. मॉडिफाइड साइनच्या उभ्या कडेला तो क्षणात बदलतो, त्यामुळे दर पायरीला करंटचा मोठा झटका जातो. आधी आतला छोटा रेझिस्टर काळा पडतो, मग वास येतो. बॅट, टॉर्च मॉडिफाइड साइनवर लावूच नका.

आणखी एक. साधं मल्टिमीटर मॉडिफाइड साइनवर २३० च्या ऐवजी बरंच कमी दाखवतं. इन्व्हर्टर बिघडलाय असं समजून आतला प्रीसेट (व्होल्टेज जुळवायचा छोटा स्क्रू) फिरवून आकडा 'दुरुस्त' करू नका, खरा व्होल्टेज धोकादायक वर जाईल. ट्रू आरएमएस लिहिलेलं, म्हणजे कुठल्याही आकाराचा व्होल्टेज खरा मोजणारं मीटरच यासाठी चालतं.

प्रश्न: '१००० वॅट' लिहिलेली पेटी ऑनलाइन मागवली. पिन लायटर सॉकेटची आहे. ६०० वॅटची प्रवासी किटली लावली की गाडीचा फ्यूज उडतो. १५ च्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज टाकला तर चालेल का? – चिपळूण

उत्तर: अजिबात टाकू नका. फ्यूज त्या सॉकेटमागच्या वायरला वाचवायला असतो. ६०० वॅटची किटली ६० अँपिअर मागते. फ्यूज मोठा केला की डॅशबोर्डमागची बारीक वायर फ्यूजचं काम करते, म्हणजे तापून वितळते, आणि तिच्या शेजारून बाकीची वायरिंग जात असते. सॉकेटमधली स्प्रिंगची टोकंही एवढ्या करंटसाठी बनलेली नाहीत. पिन काढल्यावर टोक तपकिरी झालेलं किंवा प्लास्टिक मऊ झालेलं दिसलं तर ते सॉकेट बदलून घ्या.

पेटी खरी किती वॅटची आहे हे ओळखायला तिच्या मागचे किंवा आतले चपटे फ्यूज मोजा. ४० अँपिअरचा एकच फ्यूज असेल तर ४० गुणिले १२, म्हणजे ४८० वॅटच्या वर ती सतत देऊ शकत नाही, वर काहीही छापलेलं असो. खऱ्या १००० वॅटच्या इन्व्हर्टरला बॅटरीला जोडायचे जाड लाल-काळे स्क्रू टर्मिनल असतात, लायटरची पिन नसते. 'पीक' किंवा 'सर्ज' वॅट हा क्षणभराचा आकडा असतो, तो सोडून द्या आणि 'कंटिन्युअस' शोधा. आउटपुट २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे ना तेही वाचा, परदेशी बाजारासाठी बनलेल्या ११० व्होल्टच्या पेट्याही ऑनलाइन मिळतात.

चहाचं म्हणाल तर १२ व्होल्टची १२० वॅटची किटली थेट सॉकेटवर चालते, पण अर्धा लिटर पाण्याला पंचवीस-तीस मिनिटं लागतात. घरून थर्मास भरून नेणं केव्हाही बरं.

प्रश्न: आईला दम्याचा त्रास आहे. कोल्हापूर–मुंबई प्रवासात मध्येच नेब्युलायझर लागतो. गाडीत कसा चालवावा?

उत्तर: कंप्रेसरच्या नेब्युलायझरवर साधारण १०० ते १५० वॅट किंवा व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) लिहिलेलं असतं, म्हणजे बॅटरीतून १० ते १५ अँपिअर. मोटर सुरू होताना क्षणभर याच्या काही पट जास्त ओढते. त्यामुळे लायटर सॉकेटवर भरवसा ठेवू नका, नेमका गरजेच्या वेळी फ्यूज जायचा. प्युअर साइनचा ३०० वॅटचा इन्व्हर्टर घ्या आणि ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीपासून स्वतंत्र लाइन ओढून घ्या: ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि बॅटरीजवळ ४० अँपिअरचा फ्यूज. दहा मिनिटांच्या वापरात जेमतेम अडीच अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर म्हणजे एक अँपिअर-अवर) जातात, एवढं बॅटरीला जाणवतही नाही. गाडीत बसवल्यावर निघण्याआधी घरीच एकदा चालवून, वाफ नेहमीसारखी येते ना ते बघा.

बॅटरीवर चालणारा, हातात मावणारा जाळीचा नेब्युलायझरही मिळतो. त्याला इन्व्हर्टर लागत नाही. मात्र काही औषधं त्याच्या जाळीतून नीट जात नाहीत, तेव्हा आईंचं औषध त्यात चालेल का हे डॉक्टरांना विचारूनच घ्या.

प्रश्न: आमची दिंडी आषाढी वारीला आळंदीहून पंढरपूरला जाते. मुक्कामी कीर्तनाला माइक, राहुट्यांत उजेड आणि साठेक माउलींचे मोबाइल चार्ज करायचे असतात. ट्रकच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावला तर सकाळी ट्रक ढकलावा लागतो. मोठा इन्व्हर्टर घ्यावा का?

उत्तर: मोठ्या इन्व्हर्टरने ट्रक आणखी लवकर ढकलावा लागेल. या तिन्ही कामांना २३० व्होल्टची गरजच नाही. आषाढाच्या पावसात ओल्या राहुटीत २३० व्होल्टच्या वायरी न पसरणं हाच मोठा फायदा समजा.

तुमच्या अँप्लिफायरच्या मागे बघा. सभा-कीर्तनाला वापरतात त्या बऱ्याच अँप्लिफायरना १२ व्होल्टचे लाल-काळे टर्मिनल दिलेलेच असतात, बॅटरी थेट जोडता येते. दिव्यांसाठी १२ व्होल्टचे एलईडी बल्ब घ्या. मोबाइलसाठी १२ व्होल्टवर चालणारे अनेक पोर्टचे यूएसबी चार्जर घ्या. पंधरा मोबाइलना एक लाइन, अशा चार लाइन काढा. प्रत्येक लाइनला ४ चौरस मिलिमीटरची वायर आणि २० अँपिअरचा फ्यूज द्या, म्हणजे एका ठिकाणी शॉर्ट झालं तरी बाकीच्या तीन चालू राहतील.

आता एका रात्रीचा हिशेब. बोलण्या-गाण्यात अँप्लिफायर सरासरी ४० वॅट घेतो, तीन तासांचे १२० वॅट-अवर. ८ वॅटचे दहा दिवे चार तास, म्हणजे ३२०. मोबाइलची ५००० एमएएचची बॅटरी १९ वॅट-अवरची असते, तोट्यासकट २५. सगळे अर्धे उतरलेले धरले तर साठ मोबाइलना ७५०. एकूण साधारण १२००. यासाठी ट्रकच्या बॅटरीला हात न लावता वेगळी बॅटरी ठेवा. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी १९२० वॅट-अवरची असते, रात्र निभावून वर काही शिल्लक राहील. घरच्या इन्व्हर्टरची शिशाची ट्युब्युलर बॅटरी वापरायची तर ती अर्ध्याच्या खाली उतरवू नये, त्यामुळे २०० अँपिअर-अवर लागेल. साठ किलोच्या आसपासचं ओझं होईल, ट्रक हलताना ॲसिड सांडेल, आणि चार्ज होताना निघणारा हायड्रोजन पेट घेणारा असतो, म्हणून तुमच्या स्वयंपाकाच्या शेगड्यांपासून ती लांब, उघड्या हवेत ठेवावी लागेल. लिथियम महाग पडते, पण वारीसाठी आम्ही तीच सुचवू.

खरी अडचण ती पुन्हा भरण्याची आहे. पायी वाटचाल असल्याने ट्रक दिवसाकाठी तास-दोन तासच चालतो. ट्रकच्या चोवीस व्होल्टवरून बारा करणारा ३० अँपिअरचा डीसी चार्जर ट्रकमध्ये बसवला तर त्या वेळात ३० ते ६० अँपिअर-अवर भरतील, आणि रात्रीचा खर्च ९५ च्या घरात आहे. राहिलेलं मुक्कामाच्या गावात शाळा, देऊळ किंवा मठाच्या विजेवर लिथियमसाठीच्या १४.६ व्होल्टच्या चार्जरने भरा, २० अँपिअरचा असेल तर दोन-तीन तास पुरतात. शिशाच्या बॅटरीचा जुना चार्जर लिथियमला लावू नका. बंदिस्त शेडमध्ये ट्रक सुरू ठेवून चार्जिंग करू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोपलेल्या माणसाला कळत नाही.

प्रश्न: माझ्या ट्रकला दोन बॅटऱ्या आहेत. १२ व्होल्टचा इन्व्हर्टर त्यांतल्या एकीला लावला तर चालतो. मग २४ व्होल्टचा कशाला घ्यायचा? – जालना

उत्तर: चालतो, पण बॅटऱ्या जातात. दोन्ही एकामागे एक जोडलेल्या असल्यामुळे अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) सारखाच करंट दोघींतून जातो. तुम्ही एकीतूनच काढता. ती कायम अर्धवट भरलेली राहते आणि दुसरी जास्त भरून पाणी उडवत राहते. एका बाजूला पाणी सारखं घालावं लागत असेल तर कारण हेच. २४ व्होल्टचाच इन्व्हर्टर घ्या. १२ व्होल्टचा चुकूनही पूर्ण २४ वर जोडू नका, इंजिन सुरू असताना तिथे २८ व्होल्ट असतात.

प्रश्न: ॲल्युमिनियम स्लायडिंगची कामं करतो. नव्या इमारतीत वीज नसते. १२ व्होल्टच्या पिकअपवर ६०० वॅटचा ड्रिल चालवायचा आहे. इन्व्हर्टर किती वॅटचा आणि जोडणी कशी करावी? – वसई

उत्तर: ड्रिल सुरू होताना आणि भिंतीत अडकल्यावर दुप्पट-तिप्पट ओढतो, म्हणून १५०० वॅट कंटिन्युअस घ्या. ड्रिलच्या ट्रिगरमध्ये वेग कमी-जास्त करायची सोय असेल तर प्युअर साइन घ्या, मॉडिफाइडवर तो वेग नीट सांभाळत नाही.

जोडणीत सगळ्यात जास्त चुका लांबीच्या होतात. इन्व्हर्टर मागे हौद्यात ठेवून बॅटरीपासून लांब वायर ओढतात. उलट करा. इन्व्हर्टर बॅटरीपासून मीटर-दीड मीटरच्या आत, पण बॉनेटखालच्या उष्णतेपासून आणि पाण्यापासून लांब, सीटखाली वगैरे बसवा आणि २३० व्होल्टची एक्स्टेन्शन लांब घ्या. २३० वर ६०० वॅटला तीन अँपिअरही जात नाहीत, १२ वर साठ जातात.

वायर ३५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची लवचीक घ्या. टोकांना तांब्याचे लग (स्क्रूखाली बसणारे कान) लावा. पक्कडीने दाबलेला लग सैल राहतो, तिथेच तापतो आणि इन्व्हर्टर 'लो व्होल्टेज' म्हणून ओरडतो. षटकोनी डायच्या क्रिम्पिंग टूलने दाबून घ्या आणि लग ओढून बघा. पॉझिटिव्हवर १५० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. इन्व्हर्टरकडच्या टोकाला लावला तर मधली वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाल्यावर काहीच वाचत नाही. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी ग्रोमेट घाला. इन्व्हर्टर बंद ठेवून वायरी जोडा. शेवटचं टोक टेकताना एक ठिणगी पडते, ती आतले कपॅसिटर भरल्याची असते. लाल-काळी उलट लागली तर मात्र आतले फ्यूज आणि मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) एका झटक्यात जातात, म्हणून आधी मीटरने खात्री करा.

ड्रिल चालवताना इंजिन चालू ठेवा. आयडलला अल्टरनेटर त्याच्यावर लिहिलेल्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपासच देतो, त्यामुळे सलग वापरलात तर चालू इंजिनवरही बॅटरी उतरते. भोकं पाडून थांबून काम करायला हरकत नाही. २००० वॅटच्या कटरला हा मार्ग नाही, त्याला जनरेटर लागेल. दिवसाला वीस-पंचवीस भोकंच असतील तर १८ व्होल्टचा कॉर्डलेस हॅमर ड्रिल आणि दोन बॅटऱ्या घेणं या सगळ्या खटाटोपापेक्षा सोपं आहे.

प्रश्न: रात्री गाडीतून पंखा चालवतो. इन्व्हर्टर बीप करू लागला की बंद करतो, तरी सकाळी सेल्फ लागत नाही. – भंडारदऱ्याला नेहमी जाणारा एक वाचक

उत्तर: तो बीप तुमच्या सेल्फसाठी नसतो. बहुतेक इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टच्या आसपास ओरडतात आणि दहाच्या खाली बंद होतात. बॅटरीचं तोवर बरंच नुकसान झालेलं असतं. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ दाखवते, १२.२ ला ती अर्धी असते, १२.० ला पाव. लायटर सॉकेटमध्ये लावायचं छोटं व्होल्टमीटर घ्या आणि पंखा चालू असताना १२.१ दिसलं की थांबा. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ ते ४५ अँपिअर-अवरची असते. ५० वॅटचा पंखा तासाला ५ अँपिअर-अवर खातो, म्हणजे चार तासांतच ती अर्धी होते. त्याऐवजी १२ व्होल्टचा डीसी पंखा लावा, तो १०–१५ वॅटमध्ये काम भागवतो. आणि पंखा काढला तरी इन्व्हर्टरचं बटण बंद करा. काहीही न लावता तो अर्धा-पाऊण अँपिअर खात राहतो, गाडी चार दिवस उभी राहिली तर तेवढ्यानेही बॅटरी बसते. सेल्फ मारताना इन्व्हर्टर बंदच ठेवावा.

प्रश्न: इन्व्हर्टरच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. फेज-न्यूट्रल उलटं आहे का? न्यूट्रल बॉडीला जोडू का? – सोलापूर

उत्तर: उलटं काही नाही. गाडीतल्या बहुतेक इन्व्हर्टरचं आउटपुट जमिनीशी बांधलेलं नसतं, दोन्ही तारा बॉडीच्या तुलनेत थोड्याफार 'जिवंत' असतात, म्हणून टेस्टर दोन्हीकडे उजळतो. एक तार बॉडीला जोडली तर बऱ्याच पेट्या तिथल्या तिथे जळतात, विशेषतः मॉडिफाइड साइनच्या. अर्थिंगचा वेगळा स्क्रू दिला असेल तर तो मात्र बॉडीला जोडा. आणि दोन टोकांना पिन लावलेल्या वायरने हे आउटपुट घराच्या किंवा दुकानाच्या बोर्डात कधीही सोडू नका. लाइट आली की मेन लाइनची वीज उलट पेटीत शिरते, आणि लाइट नसताना खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू शकतो.